श्रावणात प्रदर्शन, आश्विनात परीक्षा

कृषी प्रदर्शनात शिरलं की आमचे आण्णा दर स्टॉलला एकच प्रश्न विचारतात, "हे कोणत्या जमिनीत चालवून बघितलंय?" समोरचा पोरगा बहुतेक वेळा म्हणतो, "काका, सगळ्या जमिनीत चालतं." आण्णा मान हलवतात आणि पुढच्या स्टॉलकडे वळतात. सगळ्या जमिनीत चालणारं अवजार त्यांनी सत्तर वर्षांत पाहिलेलं नाही.

आमचं गाव शिरूर तालुक्यात. डिसेंबरात पिंपरी-चिंचवडजवळच्या मोशीला किसान प्रदर्शन भरतं तेव्हा गावातून दोन-तीन गाड्या भरून निघतात आणि शिक्रापूर-चाकण रस्त्याने मोशी गाठतात. मी कॉलेजात असल्यापासून अशी प्रदर्शनं बघत आलोय आणि मला त्यांचा लळा आहे. ठिबकच्या नळीपासून ड्रोनपर्यंत कितीतरी गोष्टी आमच्या गावाने पहिल्यांदा मंडपातच पाहिल्या. चुलत्यांनी मल्चिंग पेपर पाहिला तो तिथेच, आणि पुढच्या वर्षी टोमॅटोला अंथरला. प्रदर्शनं भरावीत, आणखी भरावीत, असंच मला वाटतं. माझा प्रश्न त्यांच्या रचनेबद्दल आहे.

काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका जिल्ह्यातल्या प्रदर्शनातून आम्ही पॉवर वीडर, म्हणजे तण काढायचं यंत्र, आणला. तिथे तो चालवून दाखवला होता, भुसभुशीत करून ठेवलेल्या मातीच्या पट्ट्यावर. लोण्यात सुरी फिरावी तसा फिरत होता. आमची जमीन भारी काळी. वाफसा, म्हणजे मशागतीजोगी ओल, एका दिवसाने जरी चुकला तरी मातीची डिखळं पडतात, आणि बांधाकडच्या बाजूला हरळी आणि लव्हाळा ही तणं ठाण मांडून आहेत. पात्यांना हरळी गुंडाळायची, दर पाच मिनिटांनी यंत्र बंद करून विळ्याने कापून काढायची. दोन हंगाम ओढले आणि तिसऱ्याला अर्ध्याहून कमी किमतीत विकून टाकला. जुन्नरकडच्या आमच्या पाहुण्यांच्या हलक्या, मुरमाड रानात तसाच वीडर आजही सुरेख चालतो. यंत्रात खोट नव्हती, ते आमच्या रानाचं नव्हतं. घेण्याआधी एवढी एकच गोष्ट कळायला हवी होती, आणि ती सांगण्याची जबाबदारी त्या अख्ख्या मंडपात कुणाचीच नव्हती.

ही जबाबदारी कुणाची असावी, याचं उत्तर पुण्यात फार पूर्वी दिलं गेलं आहे. जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पुरा केला. सावकार, सारा, सरकारी कामगारांची लूट यांवरचे त्यातले उतारे आपण नेहमी ऐकतो. पुस्तकाच्या शेवटाकडे सरकारने शेतकऱ्यासाठी काय करावं हे त्यांनी एकेक करून सांगितलंय, तो भाग मात्र भाषणांत क्वचितच येतो. त्यात कृषी प्रदर्शन आहे. दर श्रावणात प्रदर्शनं भरवावीत, आश्विनात शेतातल्या पिकांच्या आणि औतं हाकण्याच्या परीक्षा घ्याव्यात, उत्तम शेतकऱ्यांना बक्षिसं द्यावीत, आणि तीन वर्षांच्या अनुभवावरून जो उत्तम ठरेल त्याला पदवी द्यावी.

हे महिने बघा. श्रावणात खरीप पेरून झालेला असतो, कोळपण्या आणि खुरपण्या चालू असतात. त्या दिवसांत पाहिलेलं अवजार दुसऱ्या दिवशी रानात लागणारं असतं, पाहणाऱ्याच्या हातावर ताजी माती असते. आश्विनात बाजरी काढणीला आलेली असते, मावळात भात लोंबीवर असतो. श्रावणात ज्याने जे मांडलं त्याचं काय झालं, हे तेव्हा उभ्या पिकातच दिसतं. आणि तीन वर्षं का? आपल्याकडे तीन वर्षांत एक साल बऱ्या पावसाचं जातं, एक बेताचं आणि एक ओढीचं. ओढीच्या सालात जे तगतं तेच कोरडवाहू माणसाला उपयोगी. फुल्यांची स्वतःची मांजरीला शेती होती. हा हिशेब त्यांना कुणी शिकवलेला नव्हता.

यात आणखी एक गोष्ट आहे आणि मला ती सगळ्यात मोठी वाटते. फुल्यांच्या प्रदर्शनात मांडणारा शेतकरी आहे. त्याचं पीक, त्याची नांगरट, त्याचं कसब मांडलेलं आहे आणि त्याचीच परीक्षा घेऊन त्यालाच पदवी द्यायची आहे. आज शेतकरी मंडपात शिरतो तो गिऱ्हाईक म्हणून. शिरतानाच मोबाइल नंबर लिहून देतो आणि पुढचे दोन महिने फोन घेत बसतो.

फुल्यांचं नाव मात्र आपण मोकळ्या हाताने दिलं. १८८६ मध्ये उघडलेली पुण्याची मंडई आधी रे मार्केट होती, मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाची. ती महात्मा फुले मंडई झाली. त्याच गव्हर्नरांच्या नावाने ओळखलं जाणारं औद्योगिक वस्तुसंग्रहालय १८९० मध्ये सुरू झालं. ते आधी मंडईच्याच इमारतीत होतं, पुढे घोले रस्त्यावर गेलं, आणि १९६८ मध्ये त्याचंही महात्मा फुले वस्तुसंग्रहालय झालं. राहुरीचं कृषी विद्यापीठही १९६८ चंच. शिवाजीनगरचं कृषी महाविद्यालय त्याच्याच अखत्यारीत येतं. बाजार, संग्रहालय, विद्यापीठ, तिन्हींवर त्यांचं नाव आहे. शेतीमालाची विक्री, मांडणी आणि विद्या या तिन्ही गोष्टी त्यांच्या नावाखाली पुण्यात नांदतात. आश्विनातली परीक्षा तेवढी कुठेच नाही.

घोले रस्त्यावरचं संग्रहालय मी लहानपणी सहलीत पाहिलं. उद्योग, खनिजं, जंगल, शेती अशी दालनं. एकोणिसाव्या शतकात राज्यकर्त्यांना प्रदर्शन म्हणजे हेच अभिप्रेत होतं: नमुना आणायचा, त्याला चिठ्ठी लावायची, काचेच्या कपाटात ठेवायचा. अभ्यासाला ते ठीक आहे. कपाटातल्या कणसाला पाऊस ओढ देत नाही, त्यावर कीड पडत नाही. तो नमुना कधी नापास होऊ शकत नाही, आणि जे नापास होऊ शकत नाही त्यावरून शेतकऱ्याला निर्णय घेता येत नाही.

पुण्यात दुसरीही परंपरा होती, शेतात जाऊन मोजणाऱ्यांची. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये १८७९ मध्ये शेतीचे वर्ग सुरू झाले, १९०७ मध्ये स्वतंत्र कृषी महाविद्यालय आलं. त्याचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन यांनी पिंपळे सौदागर या गावाचा अभ्यास केला आणि तो १९१७ मध्ये छापून आला. घरोघरी जाऊन, तुकडा न् तुकडा बघून केलेलं काम. १७७१ मध्ये तिथे सरासरी धारणा चाळीस एकर होती, १९१५ च्या सुमारास ती सात एकरांवर आली होती. गावातल्या बहुतेक घरांना नुसत्या शेतीवर भागवता येत नव्हतं, हे त्यांनी आकड्यांनिशी दाखवलं. आज पिंपळे सौदागरमध्ये उंच इमारती आणि आयटीतली माणसं आहेत. सात एकरही आता आमच्याकडे मोठी जमीन म्हणतात. पण कोणतीही नवी गोष्ट शेतकऱ्याला विकण्याआधी त्याचं रान केवढं, कसं आणि त्याच्या हातात किती उरतं, हे आधी बघायचं असतं, ही शिस्त याच शहरातल्या महाविद्यालयाने घालून दिली होती.

१९२६ मध्ये पुण्यात मोठं कृषी प्रदर्शन भरलं. शेतीविषयक रॉयल कमिशनही त्याच वर्षी देशभर फिरू लागलं होतं. १९२८ च्या त्याच्या अहवालाचा कौल स्पष्ट आहे: सरकारी प्रात्यक्षिक फार्मवर दाखवण्यापेक्षा शेतकऱ्याच्या स्वतःच्या रानात करून दाखवणं अधिक परिणामकारक. परक्या सरकारच्या कमिशनलाही हे समजलं होतं, कारण ते उघड दिसतं. फार्मला पाणी असतं, मजूर असतात, खत वेळेवर पडतं. बघणारा मनात म्हणतो, यांचं काय, यांना सगळं मिळतं.

लोखंडी नांगराचंच बघा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ मध्ये तो बनवला तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते असं शेतकरी म्हणत आणि घ्यायला धजत नसत. ती भीती आपण आज अडाणीपणा म्हणून सांगतो. मला ती तशी वाटत नाही. ज्याच्याकडे एकच रान आहे त्याने रानात काय घुसतंय याचा धसका घ्यावा, हे शहाणपणच आहे. तो धसका जाहिरातीने जात नाही. ओळखीच्या माणसाच्या रानात फाळ फिरला आणि पुढच्या हंगामाला पीक आलं की जातो.

जी वाणं खरोखर घराघरांत गेली त्यांची कहाणी अशीच आहे. गणेशखिंडच्या बागेत डॉ. चीमांनी १९२७ मध्ये निवडलेला लखनौ-४९ पेरू, ज्याला आपण सरदार म्हणतो, आज बागाबागांतून आहे. वडगाव मावळच्या संशोधन केंद्राचा इंद्रायणी भात १९८७ मध्ये प्रसारित झाला आणि मावळात शेजाऱ्याच्या खाचरातला वास घेऊन शेजाऱ्याने लावला. दोन्ही सार्वजनिक पैशातून, सार्वजनिक जमिनीवर झालेली कामं, आणि दोन्हींची खरी परीक्षा लोकांच्या रानात झाली.

आता मोशी. पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण १९७२ मध्ये स्थापन झालं. मोशी, भोसरी, चिखली, आकुर्डी, वाकड अशा गावांतल्या शेतजमिनी त्याने घेतल्या, आणि घेतलेल्या जमिनीच्या मोबदल्यात साडेबारा टक्के जमीन परत मिळावी म्हणून त्या गावांतल्या शेतकऱ्यांना पुढे कित्येक वर्षं खेटे घालावे लागले. २०२१ मध्ये प्राधिकरणच विसर्जित होऊन पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) आणि महापालिकेत वाटलं गेलं. मोशीचं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन केंद्र याच प्राधिकरणाने आखलेला प्रकल्प. शेतकऱ्याकडून घेतलेल्या जमिनींवर उभ्या राहिलेल्या जागेत शेतकऱ्याला प्रदर्शन बघायला बोलावलं जातं, तेव्हा त्या जागेवर त्याचा थोडा हक्क मानला पाहिजे. हा हक्क म्हणजे फुकट पास नव्हे. तिथे त्याला जे सांगितलं जातं ते खरं असल्याची कुणीतरी हमी घेतलेली असावी, एवढाच.

प्रदर्शन चालतं कसं? मंडप, वीज, वाहनतळ, जाहिरात, सगळ्यांचा खर्च मुख्यतः स्टॉलच्या भाड्यातून निघतो. आयोजकाचं खरं गिऱ्हाईक स्टॉलवाला, त्यामुळे गर्दी जमवणं हे त्याचं काम ठरतं. ज्याच्याकडून भाडं घेतलं त्याच्याच मालाला नापास करा, असं आयोजकाला सांगणं अन्यायाचं आहे. तो करणारही नाही. तारखाही त्याच हिशेबाने पडतात. डिसेंबर-जानेवारीत पाऊस नसतो, मैदान कोरडं असतं, खरिपाचे थोडेफार पैसे हातात आलेले असतात. विक्रीला हा काळ उत्तम. पण त्या दिवसांत दाखवलेलं खरिपाचं बियाणं सहा महिन्यांनी पेरायचं असतं, तोवर पत्रक रद्दीत गेलेलं असतं.

बियाण्यांच्या बाबतीत तर कायद्यानेच शेतकऱ्याला एकटं सोडलंय. १९६६ च्या बियाणे कायद्याप्रमाणे प्रमाणीकरण, म्हणजे सरकारी यंत्रणेकडून बियाणं तपासून घेणं, ऐच्छिक आहे. असं प्रमाणपत्र नसलेलं, ‘सत्यतादर्शक’ म्हटलं जाणारं बियाणं कंपनी स्वतःच्या लेबलवर विकू शकते. लेबलवर उगवणशक्ती असते, शुद्धता असते. आमच्या रानात त्याचा कांदा किती दिवस टिकेल, डेंगळे (कांदा न पोसता वर येणारे फुलांचे दांडे) किती निघतील, हे नसतं.

यावर दोन गोष्टी हमखास ऐकायला मिळतात. पहिली, यंत्रांची सरकारी तपासणी होतेच. होते, मध्य प्रदेशातल्या बुधनीला ट्रॅक्टरची होते, अनुदानाच्या यादीत यायला चाचणी अहवाल लागतो. त्या अहवालात अश्वशक्ती असते, डिझेलचा खप असतो. शिरूरच्या काळ्या रानात हरळी गुंडाळते का, हे त्यात येत नाही आणि येणारही नाही.

दुसरी गोष्ट जास्त वजनाची आहे. शेतकरी भोळा नाही. तो शेजाऱ्याचं बघून मगच घेतो, बाजार आपोआप चांगलं-वाईट निवडतो. शेतकरी भोळा नाही हे मला कुणी सांगायला नको, आण्णांसोबत मी प्रदर्शनं फिरलोय. पण शेजारी तरी कुणाचं बघून घेतो? कुणीतरी पहिला असतोच. तो पहिला माणूस सगळ्या गावासाठी प्रयोग करतो आणि तोटा एकट्याच्या खिशातून भरतो. आमच्या वीडरवरून गावात सात-आठ जण शहाणे झाले. त्यांचा फायदाच झाला, पण त्या शहाणपणाची किंमत आमच्या घराने भरली. बहुतेक वेळा हा पहिला माणूस तरुण असतो, नुकताच शेतीत आलेला, काहीतरी नवं करू बघणारा. पहिल्या दोन फटक्यांत तो शेतीतून उठतो. बाजार निवडतो हे खरं, पण अशा पोरांच्या पैशावर निवडतो. सगळ्यांच्या उपयोगाची चाचणी सगळ्यांच्या पैशातून व्हायला हवी, हे मला साधं न्यायाचं वाटतं.

चांगले नमुने जवळच आहेत. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्राचं ‘कृषिक’ जानेवारीत भरतं, तिथे पिकं जमिनीत उभी असतात, माणूस वाफ्यातून चालत जातो. नारायणगावच्या केंद्राच्या महोत्सवातही तसंच. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाची शिवार फेरी, म्हणजे शेतकऱ्यांना उभ्या पिकांतून फिरवून आणणं, कैक वर्षांची. मंडपातल्या फोटोपेक्षा उभ्या पिकाचं मोल शंभरपट आहे, आणि ही माणसं जे करताहेत त्याला माझा सलाम आहे. तरी तिथेही आपण पोचतो तेव्हा पीक ऐन भरात असतं. मागच्या वर्षी तेच वाण त्याच जागी कसं आलं, फवारण्या किती पडल्या, काढल्यावर बाजार काय मिळाला, हे वाफ्याच्या कडेला पाटीवर लिहिलेलं हवं. विशेषतः जे फसलं ते.

पुण्यापुरतं बोलायचं तर एक दालन, एक मैदान पुरणार नाही. या एका जिल्ह्यात लोणावळ्याकडे चार हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो आणि दौंड-बारामतीकडे पाचशेच्या आसपास. मावळात भात, पुरंदरला अंजीर-सीताफळ, जुन्नर-आंबेगावला टोमॅटो-कांदा, इंदापूरला ऊस. म्हणून माझी मागणी अशी: वडगाव मावळ, शिवाजीनगर-गणेशखिंड आणि पूर्वेकडे बारामती किंवा शिरूरच्या बाजूला एक, अशा तीन ठिकाणी थोडी थोडी जमीन कायमची परीक्षेसाठी राखून ठेवावी. शिवाजीनगरला महाविद्यालयाची जमीन आहेच. सिंचननगरच्या मैदानावर भीमथडी जत्रा भरते, शहरातली माणसं हौसेने येतात, बचत गटांच्या बायकांच्या हातात चार पैसे पडतात. ते चालूच राहावं. त्याच शेजारी दोन-तीन एकरांत शेतकऱ्यांसाठीही काही उगवलं पाहिजे. शहराच्या मधोमध एवढी मातीची जमीन उरलीय ती शेतीच्याच कामी यावी, नाहीतर तिच्याकडे दुसऱ्या कामांसाठी बघणारे कमी नाहीत.

ज्या कंपनीला मोठ्या प्रदर्शनात बियाणं किंवा यंत्र ठेवायचंय तिने एक हंगाम आधी ते या तीन रानांत द्यावं. मशागत सगळ्यांना सारखी. परीक्षक शेतकरी, त्या त्या पट्ट्यातले, चिठ्ठ्या टाकून निवडलेले, दर वर्षी नवे; विद्यापीठाचे लोक मोजमाप करतील, निकाल मात्र शेतकऱ्यांनी लिहायचा. निकालाची पाटी स्टॉलवर टांगायची. परीक्षा न दिलेल्यांनाही स्टॉल मिळावा, फक्त त्यांच्या पाटीवर तसं लिहिलेलं असावं. खर्च स्टॉलच्या भाड्यातला ठरावीक वाटा आणि राज्याच्या कृषी विभागाचा निधी, यातून निघेल. पैसा आयोजकाच्या हातून न जाता थेट विद्यापीठाकडे जावा, म्हणजे निकालावर कुणाचा दाब येणार नाही.

आणि हे सगळे निकाल जपून ठेवावेत. आपल्या प्रदर्शनांना आठवण नाही. उद्घाटनाचे फोटो राहतात, आलेल्या माणसांचे आकडे राहतात. अमुक साली जी पन्नास नवी यंत्रं मांडली त्यांतली आज किती रानात आहेत आणि किती भंगारात गेली, हे कुणाला सांगता येणार नाही. घोले रस्त्यावरच्या संग्रहालयात शेतीचं दालन आहे. तिथे वर्षावार नोंदवह्या ठेवा: काय आलं, कुठल्या रानात चाललं, कुठे फसलं, का फसलं. शेतीचं दालन म्हणून मला त्याहून मोलाचं काही सुचत नाही. मंडईत माल विकून मोकळा झालेला माणूस जाता जाता ती वही चाळू शकेल, आणि पुढचा वीडर घेणारा आमच्यासारखा फसणार नाही.

हे सगळं एका वर्षात होणार नाही, आणि पहिल्याच साली शंभर वस्तू घेतल्या तर एकाचीही नीट परीक्षा होणार नाही. सुरुवात दोनच गोष्टींनी करावी. एक, कांद्याचं बियाणं, कारण त्यात फसगत झाली तर ती तीन-चार महिन्यांनी, सगळा खर्च होऊन गेल्यावर कळते आणि पीक मोडून दुसरं पेरायला वेळच उरत नाही. दुसरं, तण काढायचं यंत्र, कारण खुरपायला बाई मिळत नाही म्हणून आज लहान शेतकरी सगळ्यात जास्त घाईने तेच विकत घेतोय. येत्या खरिपात करायचं तर रानं मे महिन्याच्या आत ठरायला हवीत, उन्हाळी नांगरट व्हायला हवी, आणि परीक्षकांच्या चिठ्ठ्या पहिल्या पावसाआधी काढायला हव्यात. श्रावणात लोकांना बोलवायचं ते त्यानंतर.